पासवर्ड मोठ्याने सांगू नये

अंबरनाथ पूर्वेला आमचं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी आणि बायको वंदना, दोघंच. गिऱ्हाईक काम झालं की निघून जातं, पण जाताना एखादा किस्सा काउंटरवर विसरून जातं. परत न्यायला कोणी येत नाही, त्यामुळे साठतच चाललेत. बरेचसे हसण्यावारी नेण्यासारखे आहेत. एकात मात्र एका मुलीची नोकरी पणाला लागली होती, तो शेवटी सांगतो.

*

सावंतकाका कंपनीतून रिटायर झालेले. ईमेल आयडी ते माझ्या कानात सांगतात आणि पासवर्ड समोरच्या वडापाववाल्याला ऐकू जाईल असा! एकदा पेन्शनच्या कामाला आले. खणखणीत आवाजात पासवर्ड सांगितला, तो चुकला. पुन्हा सांगितला, पुन्हा चुकला. तेव्हा रांगेतल्या मागच्या बाई म्हणाल्या, "काका, पुढे नातवाचं नाव लावायचं राहिलं."

त्या बाई काकांच्या कोणी लागत नव्हत्या.

मग आम्ही पाटी लावली, 'पासवर्ड मोठ्याने सांगू नये.' काकांनी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

*

वंदनाची एक सवय आहे. गिऱ्हाईक पासवर्ड टाइप करायला लागलं की ती तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसते. चिखलोलीच्या नव्या सोसायटीतल्या एक बाई टाइप करता करता थांबल्या. "ताई, माझं काही चुकलं का?" वंदनाने कारण सांगितलं.

"घरी कोणी असं तोंड फिरवत नाही हो," बाई म्हणाल्या.

आम्हाला दोघांनाही वाईट वाटलं.

*

किशनभाईंचं उल्हासनगरात पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. धंद्याचा आणि घरचा ईमेल एकच. एकदा कोणीतरी त्यांच्या मेलमध्ये शिरलं, म्हणून मी त्यांना पासवर्ड बदलून दिला. दुसऱ्या दिवशी कापड आणायला गेलो, तर नवा पासवर्ड गल्ल्यामागच्या भिंतीवर, सगळ्या नोकरांना दिसेल असा, खडूने लिहिलेला. मी कपाळाला हात लावला.

"अरे भाऊ, धंदा थांबवू काय? दुकान की चाबी भी तो सबके पास है!"

मी विचारलं, मग घरची किल्ली? त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला. ओला फडका त्यांनी स्वतःच आणला.

*

बारवी धरणाकडच्या गावात आमचं एक जुनं गिऱ्हाईक कुटुंब आहे. चूल एक, शेत एक आणि ईमेलही एकच, थोरल्या संतोषच्या मोबाईलवर. बी-बियाण्यापासून लग्नाच्या स्थळापर्यंत सगळं त्यावरच. धाकटी बहीण रुपाली लॅब टेक्निशियनचा कोर्स करून आनंदनगरातल्या एका कंपनीच्या उत्तराची वाट बघत होती. शेवटी तिनेच फोन केला. तिकडच्या मॅडम म्हणाल्या, तुमचा नकार आलाय की.

इंटरव्ह्यूचा मेल आला होता. शिफ्टची ड्युटी संतोषला पसंत नव्हती, म्हणून बहिणीच्या नावाने त्यानेच परस्पर नकार कळवला होता. भावाचं प्रेम असेलही, पण मला त्याचा संताप आला.

मॅडम भल्या निघाल्या. आज संध्याकाळपर्यंत स्वतःच्या ईमेलवरून कळवा, पुन्हा बोलावते म्हणाल्या. रुपाली आईला घेऊन तडक दुकानात आली. नवा ईमेल उघडताना ओटीपीसाठी नंबर लागला. रुपालीचं सिम संतोषच्या नावावर आणि फोन अर्धा वेळ त्याच्याच हातात. ती रडकुंडीला आली.

आईने पिशवीतून बटणांचा मोबाईल काढला. "माजा नंबर टाक."

रुपाली मला म्हणाली, हे बरं होईल. आईला वाचता येत नाही, म्हणून तिच्या फोनवर मेसेज येतात हेच घरात कोणाच्या डोक्यात नसतं.

मी नंबर टाकला. फोन वाजला. रुपालीने हात पुढे केला, पण आईने तो दिला नाही. तिने पदराने स्क्रीन पुसली, फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि मेसेजमधले इंग्रजी आकडे एकेक करून सावकाश सांगितले. सगळे बरोबर होते, ईमेल उघडला.

रुपाली बघतच राहिली. "आई, तुला वाचता येतं?"

आईने मोबाईल पिशवीच्या तळाशी ठेवला. "घरात कोनाला सांगू नको," ती म्हणाली.