घरात माणसं किती

लेकीच्या बगलेत हात घालून मी तिला फरशीवरून ओढत होते आणि दाराला पाठ लावून उभी राहिलेली बाई मला सांगत होती, "मावशी, ओरडू नका. वॉचमन ऐकेल."

लेकीची मान एका बाजूला पडली होती. डोळे अर्धे उघडे, पण ते काही बघत नव्हते. ओठ लालभडक, पान खाल्ल्यासारखे. तिची तान्ही मुलगी मी आधीच उचलून हॉलमध्ये चटईवर आणून ठेवली होती. भूक लागली की जी पोर इमारत डोक्यावर घ्यायची, ती तळपायाला चिमटा काढला तरी तोंड वाकडं करत नव्हती.

"फोन कर," मी म्हटलं. "दवाखान्याची गाडी बोलाव."

"थांबा हो जरा. हवा लागली की येतील शुद्धीवर. गाडी आली की मागोमाग पोलीस येतात."

"येऊ देत."

"तुम्हाला काय माहीत इथलं, मावशी! व्हिसा जातो. घर जातं."

तुम्हाला काय माहीत इथलं. त्या घरात पाऊल टाकल्यापासून मी हेच ऐकत होते.

मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचं गाव चिपळूणच्या पलीकडे. माझं शिक्षण चौथी, आणि त्याआधी मी एकटी कधी रत्नागिरीच्या पुढे गेले नव्हते. जावई बांधकामावर फोरमन. दुबईत अल कुसैसला एका इमारतीत दोन खोल्या आणि एक हॉल असं घर होतं. एका खोलीत लेक-जावई, दुसऱ्या खोलीत ही बाई, तिचा नवरा आणि त्यांचा शाळेत जाणारा मुलगा. स्वयंपाकघर आणि मोरी दोघांत. घर तिच्या नवऱ्याच्या नावावर. कागदावर तिथे एकच कुटुंब राहत होतं, तिचं. आपली बरीच माणसं तेव्हा अशी राहायची आणि लपवायची.

बाई वाईट नव्हती. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे राग आला की ते माझ्याकडून लिहून होणार नाही. साताऱ्याकडची, हसरी, तोंडाची फटकळ. लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा जावई साइटवर होते. हिनेच तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. मी येईपर्यंत तिच्या डोक्याला तेलही हिनेच लावलं. पण सल्ले! मी गावात असतानाच फोनवर सुरू झाले. डिंकाच्या लाडवात खसखस घालू नका, विमानतळावर सापडली तर तुरुंगात टाकतात. हे खरं होतं. मी खसखस न घालता लाडू केले, ते बेचव झाले, पण मी तुरुंगाबाहेर राहिले. आल्यावर रोज नवा सल्ला. गोळ्या-औषधं पिशवीतून काढून दाखवू नका. रोज्यांच्या महिन्यात रस्त्यात पाणी पिऊ नका. बाल्कनीत लुगडं वाळत घालू नका. लिफ्टमध्ये मराठीत मोठ्यानं बोलू नका. कुणी विचारलं तर सांगा, मी पाहुणी आहे, दोन दिवसांत जाणार. आणि कोणीही, अगदी कोणीही विचारलं की घरात माणसं किती, तर सांगायचं तीन.

"आणि मी? माझी लेक, जावई, हे बाळ?"

"तुम्ही नाहीच आहात, मावशी," म्हणायची आणि खो खो हसायची. "यल्ला, चला, चहा घ्या."

हे सगळे सल्ले माणूस पकडला जाऊ नये म्हणून होते. माणूस मरू नये म्हणून एकही नव्हता.

सगळ्यात मोठी भीती एका पांढऱ्या डबीची. घराबाहेर, जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये, छताला चिकटवलेली. तिच्यात लाल दिवा लुकलुकायचा. धूर लागला की ती बोंबलते आणि आगवाले येतात, हे मला पहिल्याच दिवशी बोट दाखवून सांगितलं. एकदा लाल मिरचीची फोडणी जळली तेव्हा ती वाजली होती. आगवाले आले, वॉचमन आला, मालकाचा माणूस आला. माझी लेक तेव्हा सात महिन्यांची गरोदर. बाईने तिला वरच्या जिन्यात पाठवून दिलं आणि माणसं जाईपर्यंत ती तिथे पायरीवर बसून राहिली. जावयांनी मला हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला शेक देतात. अंघोळ झाली की बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, लसणीच्या साली टाकायच्या, आणि वर आईनं पोराला घेऊन पडून राहायचं. अंग सुटतं, झोप लागते. आमच्या घराला कौलं. फटींतून धूर वर निघून जातो, दार दिवसभर उघडं. माझी चार बाळंतपणं अशी झाली, गावातल्या बायकांची मी केली ती वेगळी. कुणाला काही झालं नाही.

अल कुसैसला कौलं कुठली. पण शेक हवाच, असं लेकही म्हणाली. जावयांनी कामगारांच्या कॅम्पवरून नायलॉनच्या पट्ट्यांची घडीची खाट आणली. अरब लोक धूप जाळायला वापरतात ते कोळसे या बाईनेच ग्रोसरीतून आणून दिले, आणि शेगडी म्हणून स्वतःची जुनी लोखंडी कढई. मी एकच अट घातली. खिडकी उघडी राहील. का, ते मला विचारू नका. तेव्हाही सांगता आलं नव्हतं. निखारा आत असला की दार-खिडकी लावायची नाही, हे माझ्या आईनं सांगितलं होतं.

"मावशी, बाहेर आग ओकतंय, आत एसी चालू, आणि तुम्ही खिडकी उघडता?" बाई म्हणाली. "शिवाय धूर. समोरच्या इमारतीतून दिसतो. पॅसेजमध्ये वास जातो."

"मग एसी बंद कर."

"आई," जावई हळूच म्हणाले, "त्या म्हणतात तसं करू या. घर त्यांचं आहे."

"घर त्यांचं असेल, जावईबापू. बाळंतीण माझी आहे. खिडकी बंद तर शेक बंद."

यावर दोघंही गप्प बसले. मला वाटलं, विषय मिटला. ते लोक गप्प बसले म्हणजे ऐकलं असं नसतं, हे मला कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. का कळावं? मी सरळ बोलले होते. सरळ बोलणाऱ्याला सरळ उत्तर द्यावं.

शुक्रवार होता. दोघं पुरुष बाईच्या मुलाला घेऊन मासळी बाजारात गेले होते. मी लेकीला न्हाऊ घातलं, बाळाला न्हाऊ घातलं, खाटेखाली कढई सरकवली, ओवा टाकला, खिडकी उघडी आहे ते हात लावून बघितलं आणि दार लोटून बाहेर आले. मोरीत दुपटी आणि लंगोट धुतले. मग अळिवाची खीर चढवली. अळीव भिजलेले होते, तरी दूध आटायला वेळ लागतो. बाई शेजारी कोथिंबीर निवडत होती.

"झोपली का गं ती? आवाज नाही," मी विचारलं.

"गाढ झोपल्यात दोघी. मगाशीच डोकावून आले." मग खुशीत येऊन म्हणाली, "आणि मावशी, तुमच्या धुराचा बंदोबस्त केलाय मी. खिडकी लावली, दाराखाली ओला टॉवेल ठेवलाय. पॅसेजमध्ये वाससुद्धा नाही. अलार्मचं टेन्शन खलास!"

पळी टाकून मी खोलीकडे धावले. टॉवेल दारात असा घट्ट बसला होता की मला खांद्यानं दार ढकलावं लागलं. आत धूर फारसा नव्हता. ओवा कधीच जळून गेला होता. कोळसे मात्र लाल होते, आणि दोघी त्यांच्यावर पडलेल्या.

आता मी सुरुवातीला लिहिलं तिथे येते. लेक हॉलच्या फरशीवर, बाळ चटईवर, आणि बाई बाहेरच्या दाराला पाठ लावून. फोन तिच्या खोलीत, तिच्या टेबलावर. कुठला आकडा फिरवायचा ते मला ठाऊक नव्हतं, आणि फिरवला असता तरी पलीकडच्याशी कोणत्या भाषेत बोलणार होते? सल्ल्यांच्या त्या ढिगात हा आकडा मला कुणी सांगितलाच नव्हता.

"भावोजींना बाजारातून येऊ द्या, मावशी. तोवर कांदा हुंगवा."

मी कांदा हुंगवला नाही. मी खोलीत गेले, दोन लंगोट हाताला गुंडाळले आणि निखाऱ्यांची कढई उचलून आणली.

"सरक."

"मावशी, काय करताय?"

"सरक, नाहीतर पायावर ओतते."

ती सरकली. हातात निखारे असले की माणसं लवकर सरकतात. मी पॅसेजमध्ये गेले, त्या पांढऱ्या डबीच्या बरोबर खाली कढई ठेवली, आत जाऊन स्वयंपाकघरातला सगळा ओवा, लसणीच्या साली आणि डब्यातल्या सुक्या लाल मिरच्या आणल्या आणि निखाऱ्यांवर ओतल्या. असा धूर उठला की माझाच घसा बंद झाला. बाई मागून "नको, नको" करत होती. मी पदरानं धूर वर हाकत होते. डबी बोंबलली.

काय आवाज होता तो! सगळ्या दारांतून माणसं बाहेर आली, खोकत, शिव्या देत. समोरच्या घरातली मिसरी, म्हणजे इजिप्तची, बाई गाऊनवरच आली. तिनं आमच्या उघड्या दारातून आत बघितलं, मला बाजूला केलं, बाळ उचललं आणि त्याच्या नाका-तोंडावर तोंड ठेवून हळूहळू फुंकायला लागली. तिची माझी भाषा एक नाही, पण तिला काही समजवावं लागलं नाही. ज्या वॉचमनला घाबरून माझी लेक पायरीवर बसली होती, तो पठाण वॉचमन जिन्यानं धावत वर आला. "क्या हुआ, अम्मा?" एवढंच त्यानं विचारलं. मी बोट दाखवलं. त्यानं खाली ओरडून गाडी बोलवायला सांगितलं आणि माझ्या लेकीला दोन्ही हातांवर उचलून वर गच्चीवर वाऱ्याला नेलं. माझ्या अख्ख्या मुक्कामात तो माणूस मला लिफ्टमध्ये रोज दिसायचा आणि मी खाली मान घालायचे. सल्ला होता तसा.

मग आगवाले आले आणि दवाखान्याचे आले. दोघींना तोंडाला नळ्या लावल्या. गणवेशातला एक माणूस वही घेऊन दारात उभा राहिला. त्यानं तुटक्या हिंदीत विचारलं, "घर में कितना आदमी?"

तो कुणाला पकडायला विचारत नव्हता. आणखी कुणी आत पडलंय का, एवढंच त्याला हवं होतं. लेकीला तेव्हा वरून स्ट्रेचरवर घालून खाली आणत होते, बाळ त्या मिसरी बाईच्या हातावर होतं. बाई दाराच्या चौकटीला धरून रडत होती. खरंखुरं रडत होती, खोटं नाही.

"तीन," ती म्हणाली. "ओन्ली फॅमिली. तीन."

त्या माणसानं स्ट्रेचरकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"छे," मी म्हटलं. मला हिंदी आकडे येत होते. "सात. सात हैं."

दवाखान्यात केरळच्या नर्सनं मला सांगितलं की कोळशाचा जो वायू असतो त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद खोलीत माणूस झोपतो तो उठत नाही. म्हणजे माझी आई बरोबर होती. जावई भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "आई, त्यांचा हेतू वाईट नव्हता."

"हेतूला घेऊन काय करू?" मी म्हटलं. "खिडकी कुणी लावली ते सांगा."

पुढे कुणाचा व्हिसा गेला नाही. मालकानं घर मात्र रिकामं करायला लावलं. दोन्ही कुटुंबं वेगवेगळीकडे गेली. बाईनं लेकीला निरोप पाठवला होता की मावशींना सांग, माफ करा. मी उत्तर दिलं नाही. आजही देणार नाही. तिला भीती होती हे मला कळतं. पण भीतीपायी जी माणसं समोर पडलेली माणसं मोजत नाहीत, त्यांच्या हातचा आमटी-भात मला आठवून गोड लागत नाही.

दोन हजार सालानंतर माझ्या बहिणीची मुलगी नवऱ्याबरोबर अबुधाबीला निघाली. ओटीवर सगळे जमले, जे गेले होते ते आणि जे कधी गेले नव्हते तेही. खसखस नेऊ नकोस. औषधं नेऊ नकोस. शेअरिंगमध्ये राहिलीस तर कुणाला सांगू नकोस.

"मावशी, तू गप्प का? तू तर राहून आलीस," पोरगी म्हणाली.

मी म्हटलं, "गेल्या गेल्या खिडकी कुठून उघडते ते बघ. आणि ती तुझी तूच उघड आणि तूच लाव. दवाखान्याच्या गाडीचा नंबर पाठ कर, नवऱ्याला आहे म्हणून भागत नाही. शेजारच्या दाराशी ओळख काढ, मग ती बाई कुठल्या का मुलखाची असेना. आणि कुणी विचारलं घरात माणसं किती, तर खरं सांग. घर गेलं तर जाऊ दे."

"अगं, काय अभद्र बोलतेस जाताना!" बहीण म्हणाली.

अभद्र तर अभद्र.

लेकीचं त्यानंतर वर्षभर डोकं धरायचं. अजूनही बोलता बोलता तिचा शब्द अडतो, मग ती हातानं दाखवते. बाळाला त्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि तिथे ते रडलं.

त्या खोलीत दोघी होत्या, माझी लेक आणि माझी नात. दोघी वाचल्या.