माधवनं मला कधी मरू दिलं नाही

फोनवर माधवचं नाव दिसलं, म्हणून मी आमच्या नाटकातल्या मलेरियाच्या जंतूचा घोगरा आवाज काढला. "बोला डॉक्टर, मी अजून जिवंत आहे." पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला. "भाऊजी, मी बोलतेय. हे गेले. पहाटे, झोपेतच." मी नांदेडहून मिळेल त्या एसटीनं लातूरला पोचलो.

माधव लातूरला जीवशास्त्र शिकवायचा. पीएच.डी. मलेरियाच्या जंतूवर, म्हणून खेड्यापाड्यांत तो डॉक्टर. एकेकाळची हुकमी गोळी काही जंतूंवर चालेनाशी का झाली, हे लोकांना समजावं म्हणून त्यानं छोटं नाटक लिहिलं आणि मला, कॉलेजातल्या मित्राला, जंतू केलं. तोंडाला जांभळा रंग, अंगावर घोंगडी. गोळी आली की बाकीचे जंतू पटापट आडवे व्हायचे. मी मात्र औषध पोटातून उचलून बाहेर भिरकावायचो. पोरं शिट्ट्या मारायची.

मुदखेडला एकदा मला राहवलं नाही. "मी गोळीशी लढायला शिकलो!" असं पदरचं वाक्य छाती ठोकून टाकलं. खेळ संपल्यावर माधव चिडलेला.

"काय करायलास येड्या? तू काही शिकला न्हाईस. तुझ्या जनुकाची नक्कल होताना एक चूक झाली, बस. तुलाही ठाऊक नव्हतं. गोळीनं बाकीचे मारले, तू उरलास, म्हणून रान तुला मोकळं झालं."

"मग शेवटी मरू दे की मला. मस्त तडफडतो, बाया रडतील."

"न्हाई. तू मेलास की लोक निवांत घरी जातील, अन् उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतील."

ती त्याची खरी धास्ती होती. ताप उतरला की गोळ्या थांबतात. उरलेल्या घरातल्या पुढच्या आजाऱ्याला अर्ध्यामुर्ध्या मिळतात, आणि चिवट जंतू तेवढे तरून जातात. म्हणून खेळानंतर तो चपला काढून स्टेजच्या कडेला बसायचा, एकेकीशी बोलत. परतीच्या एसटीत एकदा म्हणाला, "सगळ्यांनी पूर्ण डोस घेतला तरी ही गोळी कधीतरी हरणारच. आपण फक्त उशीर करायलोत."  

वहिनी म्हणाल्या, खेळ बंद करू नका. गेल्या आठवड्यात हिमायतनगरजवळ, माधवबरोबर आधी खेळ केलेल्या एका गावात उभा राहिलो. ठरल्याप्रमाणे मेलो नाही. माधव गेल्याचं मात्र अजून कुणाला सांगितलं नव्हतं. तेवढ्यात एका म्हातारीनं पदराची गाठ सोडली. आत दोन गोळ्या.

"माझ्या हिवतापातल्या हायत. सून तापलीय. देऊ का?"

"नको मावशी. आधी दवाखान्यात नेऊन तिचं रक्त तपासा. गोळ्या तिथूनच घ्या, अन् पूर्ण घ्या."

ती हसली. "तूच जंतू, अन् तूच सांगायलास व्हय? डॉक्टर कुठं हायत?"

"ते आता येणार नाहीत, मावशी. गेले ते."

 गोळ्या मुठीत धरून ती स्टेजच्या कडेला टेकली आणि शेजारच्या जागेवरची धूळ हातानं झाडली.

"मग तूच बस हितं. पण आधी तोंड धुऊन ये."

मी रंग धुऊन, चपला काढून तिच्या शेजारी बसलो, तेव्हा गोळ्या अजून तिच्या मुठीतच होत्या.