बारावी खुर्ची

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी बारा पुरुष गोळा करायचे म्हणजे आमच्या मलकापूरच्या फादरांच्या नाकी नऊ येतात. कॅथलिक घरं मुळात मोजकी. त्यांतले काही पुरुष ड्यूटीवर, काही गावाला, उरलेले लाजाळू. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर बाराजणांपुढे गुडघे टेकतात. एकेकाचा उजवा पाय परातीवर धरून तांब्यानं पाणी घालतात, टॉवेलनं पुसतात आणि वर त्या पायाचं चुंबन घेतात. नुसत्या कल्पनेनं भल्याभल्यांचे पाय आखडतात. मी मात्र या कामाला कधी नाही म्हटलेलं नाही. चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की मी टाचेला वजरी लावायला घेतो. फक्त उजव्या टाचेला. डावी धुतलीच जात नाही, तर तिच्यावर मेहनत कशाला?

बायको म्हणते, "एक पाय स्वर्गात जाईन तुमचा. दुसरा हाये तिथंच राहीन."

खुर्च्या वेदीपुढे एका रांगेत मांडतात. पहिली मरियामातेच्या पुतळ्याकडे, शेवटची संत योसेफाच्या पुतळ्याकडे, बाजूच्या दाराजवळ. सुरुवात नेहमी मरियामातेकडून होते, म्हणून योसेफाकडची खुर्ची बारावी. आणि बारावी म्हणजे यहूदाची. प्रभूला धरून देणाऱ्याची. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, कुठल्या फादरांनी सांगितलेलं नाही. पण आमच्यातल्या एकाला तिथे बसवून दाखवा! प्रवचन संपत आलं की आमचे बारा प्रेषित चपला-बूट काढून तयार असतात, आणि फादर 'आमेन' म्हणताच असे उठतात की भुसावळ पॅसेंजरमध्ये जागा धरायची आहे. त्या खुर्चीवर दरवर्षी कुणीतरी नवखा सापडतो. बिचारा हसतमुखानं बसतो. पुढे वर्षभर आम्ही त्याच्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहतो.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग माझ्या साडूची मलकापूरला बदली झाली.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रेल्वेत आहे. उंच आहे, डोक्यावर केस आहेत, तंबाखू खात नाही, आणि गातो. यातली एखादी गोष्ट असती तर मी सोसली असती. भुसावळला होता तोवर त्याच्याबद्दल माझं मत फार चांगलं होतं. नातेवाईक भुसावळच्या अंतरावर असला की त्याच्यातले गुण दिसतात.

खरी भानगड सासूबाईंची. त्या संग्रामपूरला एकट्या राहतात. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आधी पिशवी घेऊन माझ्याकडे येतात आणि ईस्टरचं जेवून परत जातात. ईस्टरला त्या जेवतात ते घर मोठं, असा आमच्या नात्यागोत्यातला कायदा आहे. आजवर मलकापुरात त्यांची एकच मुलगी होती, म्हणून मी बिनविरोध मोठा होतो. यंदा मात्र पिशवी खाली ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "ईस्टरचं पाहू बाप्पा. आता दोन घरं झाली."

'पाहू' हा शब्द मी त्या आठवड्यात उशाशी घेऊन झोपलो.

झावळ्यांच्या रविवारी पहिली माती खाल्ली. झावळ्या आणायचं काम माझं. धामणगाव बढेला ओळखीच्या एका माणसाच्या शेतात, नाल्याकाठी, शिंदीची झाडं आहेत. तिथून मोटारसायकलवर भारा बांधून आणला, पाठीत शिंदीचे काटे भरले, ते काही कुणाला दिसले नाहीत. मिरवणूक गेटापासून निघाली. गाणं सुरू करायचा मानही माझाच. मी जरा जोशात 'होसान्ना' उचललं ते थेट पाण्याच्या टाकीवर नेऊन ठेवलं. पहिल्या ओळीला माझ्यासोबत सगळे होते. दुसऱ्या ओळीला एकट्या सिस्टर होत्या. तिसऱ्या ओळीला मीसुद्धा नव्हतो. नुसतं तोंड उघडं होतं. तेवढ्यात मागून साडूनं तेच गाणं खालच्या पट्टीत हळूच उचललं आणि सगळी मिरवणूक त्याच्या आवाजावर स्वार होऊन चर्चमध्ये शिरली.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "धाकट्या जवायाचा आवाज कसा, तुपासारखा."

मी पाठीतला काटा चाचपू लागलो. तसं त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, "तुमचा आवाज बी चांगलाच हाये, जवाईबापू. दूरवर जाते."

बायको ओढणी तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

त्याच दिवशी फादरांनी बाराजणांची नावं वाचली होती. त्यात मी होतो आणि साडूही होता. मी ठरवलं: गाण्यात गेलो, पायात जिंकू. मी पहिल्या खुर्चीवर, साडू बाराव्या. सासूबाई नेहमीच्या पहिल्या बाकावर. त्यांना यहूदाची खुर्ची मीच कधीकाळी हसत हसत सांगितली होती, आणि त्या असल्या गोष्टी विसरणाऱ्या नव्हेत.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभलं असतं. पण मत्सर एकदा डोक्यात शिरला की माणूस कामाला फार लागतो. मला वाटलं, पहिल्या खुर्चीवर बसायचं तर जरा ऐटीत बसावं. एप्रिलचा महिना, चर्चचे पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलतात. मी घरचा कूलर रिक्षात घातला आणि दुपारीच चर्चमध्ये नेऊन मरियामातेच्या बाजूला, पहिल्या खुर्चीच्या अगदी जवळ लावला. वारा बरोबर माझ्या मानेवर येतो का, ते तीन-तीनदा बसून पाहिलं. ज्या कूलरपुढे सासूबाई दुपारी झोपत तो हाच, हे लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

सिस्टर वेदीची तयारी करत होत्या. म्हणाल्या, "इथं परातीचं टेबल असतं हो."

"ठेवा ना कुठंही," मी म्हणालो. "लोकायले हवा तर लागू द्या."

संध्याकाळी प्रवचन सुरू असताना मी साडूच्या शेजारी सरकलो आणि कानाशी लागलो. "तुम्ही असं करा, त्या टोकाले बसा. दाराजवळ. पहिल्यांदा येणाऱ्याचा मान असते तो."

त्यानं माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेनं पाहिलं की मीच वेदीकडे पाहू लागलो. "मले कायच माहीत नाही इथलं, भाऊ," तो म्हणाला. "बरं झालं तुम्ही सांगितलं."

'आमेन' झालं. मी उठलो, पहिली खुर्ची गाठली, पँट दुमडून उजवा पाय किंचित पुढे केला. माझ्या शेजारी दरवर्षीप्रमाणे ते म्हातारे निवृत्त गार्ड येऊन बसले. कूलरचा वारा मानेवर आला. पार त्या टोकाला साडू शांतपणे बूट काढत होता. पहिल्या बाकावर सासूबाई पदरानं वारा घेत होत्या. मी त्यांच्याकडे पाहून अदबीनं मान झुकवली.

फादर झगा काढून, कमरेला टॉवेल बांधून वेदीवरून उतरले आणि योसेफाच्या दिशेनं चालू लागले.

मला वाटलं, काहीतरी विसरलं असेल, घेऊन येतील. तेवढ्यात नजर पोचली. परात, तांबे, टॉवेल, सगळं टेबल त्या टोकाला होतं. इकडे टेबलाच्या जागी माझा कूलर होता, आणि सिस्टरांनी त्याच्या उडत्या पाण्यापासून आणि वायरीपासून टेबल वाचवून, चर्चमध्ये उरलेल्या एकमेव मोकळ्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं होतं. फादर पुस्तकातून मराठी शिकलेले, दक्षिणेकडचे, नवे. त्यांना पहिली-बारावी ठाऊक नव्हती. पाणी जिथे, तिथून सुरुवात.

गार्डबाबा माझ्याकडे वळले. रेल्वेत आयुष्य गेल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा फलाटावर ऐकू जाईल अशी. "अरे बाप्पा! गाडी तं उलटी निघाली! आता बारावे तुम्हीच ना हो?"

गाणाऱ्या पोरींच्या बाकावर खुसखुस झाली. सासूबाईंचा पदर हलायचा थांबला. त्यांनी एकदा त्या टोकाला पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ओठ घट्ट मिटले.

तिकडे फादरांनी साडूचा पाय परातीवर धरला, पाणी ओतलं, आणि साडू रडला.

रडला म्हणजे भोकाड पसरलं नाही. नुसते डोळे भरले आणि पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं. त्यानं ते पुसलं नाही, लपवलंही नाही. फादरांच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहत तो तसाच बसून राहिला. साऱ्या चर्चमधली खुसखुस विझली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. माझी मेव्हणी मोबाईलवर चित्रण करत होती, तिनंही मोबाईल खाली घेतला.

इतकी वर्षं माझा पाय धुतला जातोय. वजरी लावली, तेल लावलं, नखं काढली, पण रडू काही आलं नाही. मला त्याच्या आवाजाचा हेवा वाटला होता, केसांचा वाटला होता. पण आता वाटला तसा कधी वाटला नव्हता. तो तिथे कुठेतरी जाऊन पोचला होता आणि मी इथे कूलरच्या वाऱ्यात बसून मान आखडून घेत होतो.

फादर माझ्यापाशी आले तेव्हा त्यांना दम लागला होता. टॉवेल चिंब झाला होता. तांब्यात उरलेलं पाणी माझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कसंबसं पोचलं. मी डोळे गच्च मिटले, आईवडिलांना आठवलं, गेलेला बैलसुद्धा आठवून पाहिला. एक टिपूस नाही. उलट कूलरच्या गारव्यानं मला शिंक आली, आणि ती नेमकी फादर चुंबनासाठी वाकले तेव्हा आली.

मिस्सा झाली. वेदीवरची वस्त्रं काढून झाली, लोक गेटाशी जमले. गार्डबाबांनी साडूला गाठलंच. "त्या खुर्चीवर आमच्याकडं कोणी बसत नाही. यहूदाची हाये ती. तुमाले कोणं बसवलं तिथं?"

साडूनं माझ्याकडे पाहिलं. एवढंसं. मी मोटारसायकलची किल्ली खिशात शोधू लागलो; ती हातातच होती.

"मीच बसलो," तो म्हणाला. "दाराजवळ हवा येते ना."

सासूबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "माही पिशवी दे बाई पाठवून. यंदा ईस्टर धाकटीकडं करतो. तिच्याकडं कूलर बी हाये म्हणते."

मी हसलो. हसण्यावाचून तोंडाला दुसरं काही येत नव्हतं. गर्दी पांगल्यावर साडूला बाजूला घेतलं, कारण राहवतच नव्हतं. "काय हो, रडले काऊन?"

त्यानं कान खाजवला. म्हणाला, "अहो, नवा बूट चावला होता टाचेले. कातडं सोललं पार. पाणी पडलं तसं झोंबलं ना! रडू आलं. तुम्ही कोणाले सांगू नका हं, भाऊ."

काय हलकं वाटलं म्हणून सांगू! बूट! नुसता बूट चावला! मी घरापर्यंत शीळ घालत गेलो. बायको मागे बसून म्हणाली, "उपवासकाळ चालू हाये, शीळ कसली घालता?" मी तिला काही सांगितलं नाही. हा हुकमाचा पत्ता मी जपून ठेवणार होतो.

दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दुपारची वेळ, घंटा बंद, वेदी उघडीबोडकी. फादरांनी क्रूस वर धरला, मग खाली आणला, आणि आम्ही सगळे चपला-बूट काढून अनवाणी रांगेत लागलो. एकेकानं पुढे जायचं, गुडघे टेकायचे, क्रुसाचं चुंबन घ्यायचं. माझ्या पुढे साडू होता. सगळं चर्च क्रुसाकडे पाहत होतं. मी एकटाच मान खाली घालून त्याच्या उजव्या टाचेकडे पाहत होतो.

टाच स्वच्छ होती. सोललेलं नव्हतं, फोड नव्हता, लाली नव्हती. मी डावीही पाहिली. तीही तशीच, आणि माझ्या डावीपेक्षा कितीतरी बरी.

म्हणजे बूट चावलाच नव्हता. हा माणूस खरोखर रडला होता, आणि माझं तोंड बघून, मला बरं वाटावं म्हणून, खोटं बोलला होता. दोनदा. आवाज घेतला, सासू घेतली, ईस्टर घेतला. निदान चांगुलपणात तरी थोडी जागा माझ्यासाठी ठेवायची होती!

"सरका ना पुढं," मागून बायको म्हणाली. "लोक थांबले."

साडू क्रुसापाशी वाकला, उठला, बाजूला झाला आणि मला वाट करून दिली. मी गुडघे टेकले. गुळगुळीत लाकडावर ओठ ठेवले आणि काय मागावं याचा विचार करायच्या आधीच मागणं तोंडात तयार होतं: प्रभू, याची बदली कर. भुसावळ चालेल, नागपूर चालेल. बढतीवर कर, पगार वाढव, माझी काही हरकत नाही. पण कर.