नातेवाइकांनी उशिरा आणल्याने

सहा वर्षांपूर्वी, जुलैतल्या एका सोमवारी सकाळी, बांधावर गवत कापताना शेवंताकाकूंना घोणस चावली. दहाच्या आत त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सहा ओळींची बातमी छापून आली. ती मी दिली होती. तिच्याबद्दल आता जे सांगतोय ते घरात, कचेरीत, कुठेच बोललेलो नाही.

आमचं गाव महाळुंग्याच्या पलीकडे. मी एका दैनिकाचा वार्ताहर. गावात सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण डॉक्टर टिकत नाही. मध्ये दोन वर्षं जागा रिकामी होती. साध्या तापालाही चाकण गाठायचं. मग एक डॉक्टर आले — हाताला गुण असलेले, म्हाताऱ्यांचं ऐकून घेणारे. मुलांची शाळा लांब शहरात, थेरगावात, म्हणून राहायलाही तिथेच. साडेदहाला यायचे, चारला निघायचे. नियमाने त्यांनी गावात राहायला हवं, आणि ते राहतात असा ग्रामसभेचा ठराव दरवर्षी वर पाठवावा लागतो. आम्ही तो करायचो. हरकत घेतली तर ते बदली मागतील, ही सगळ्यांची भीती. ठराव कोण लिहायचं? मी. माझं अक्षर चांगलं.

पण ठरावात अख्खं गाव होतं. मला सांगायचंय ते माझ्या एकट्याचं आहे.

त्या सकाळी काकूंचा मुलगा बबन त्यांना मोटारसायकलवर घेऊन केंद्रावर पोचला तेव्हा सव्वासात वाजले होते. साप चावून वीस मिनिटं झाली, असं तो सिस्टरना ओरडून सांगत होता. हे मला कुणी सांगितलेलं नाही — मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. सापाच्या विषावरची लस फ्रिजमध्ये होती. ती द्यायला डॉक्टर नव्हते. सिस्टर फोनवर फोन लावत होत्या. शेवटी रुग्णवाहिका आली आणि चाकणच्या रस्त्याला कंपन्यांच्या बसच्या रांगेत अडकली.

दुपारी सरपंच घरी आले. “बातमी दे, राव. पण डॉक्टर घालवू नको. पुन्हा दोन वर्षं बोंबलत बसायचं का?” एवढंच म्हणाले. खोटं लिही, असं त्यांनी सांगितलं नाही.

मी डॉक्टरांचा उल्लेख गाळून बातमी पाठवली. संध्याकाळी पेपरच्या डेस्कवरून फोन आला — केंद्र गावातच, लस होती, मग बाई गेली कशी? प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, नातेवाइकांनी उशिरा आणलं.

का म्हणालो? गावाचा डॉक्टर जाऊ नये म्हणून — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते नंतर सुचलेलं आहे. खरं छापलं असतं तर चौकशी लागली असती, आणि चौकशीत पहिला कागद माझ्या अक्षरातला निघाला असता. फोन कानाला होता तेव्हा माझ्या डोक्यात फक्त तो कागद होता.

दहाव्याला बबनच्या मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, “आधी देवऋष्याकडं नेली व्हतीस व्हय रे?”

“न्हाई मामा, सरळ हितंच आणली.”

“मग पेपरवाले काय येडे हायेत?”

मी तिथेच, चार माणसं सोडून बसलो होतो. बबनने माझ्याकडे पाहिलं नाही. मी ते लिहिलंय हे त्याला माहीत होतं. मी सकाळी टपरीवर होतो हे माहीत नव्हतं.

पुढे तो स्वतःच म्हणायला लागला की उशीर झाला. गाडी लगेच चालू झाली नाही, चार किका माराव्या लागल्या — हे तो अजून सांगतो. डॉक्टर त्याच वर्षी बदलून गेले. जागा रिकामी आहे.

बबनने नंतर एक जुनी व्हॅन घेतली. कंपनीत शिफ्ट नसेल तेव्हा गावातलं आजारी माणूस तो चाकणला नेतो, कुणाचंही. गेल्या गुरुवारी सकाळी माझ्या आईच्या छातीत दुखायला लागलं. पाच मिनिटांत तो दारात आला. मी त्याच्या शेजारी बसलो, आई मागे. वाटेत म्हणाला, “घाबरू नका, भाऊ. आमच्यावानी उशीर न्हाई केला तुमी.”



दहा वाजून पाच मिनिटांनी आईला दाखल करून घेतलं. बबन संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होता.