खत न पडलेली माती

माझं काम मुलांची वजनं घेण्याचं. म्हणजे मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे, मोखाडा तालुक्यात. नजर लागली, बाहेरचं झालं, कुणी काही केलं... हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मूल हडकलं की आधी भगत आणि मग दवाखाना, हा क्रम उलटा करायचा म्हणून तर मला पगार मिळतो. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत वाचले आणि लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात नीट झोप घ्यायचा सल्लाही दिला. आता माझी पाळी आहे. तुम्हीही सल्ले द्या, माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

राहायला आम्ही जव्हारला. राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याचं घर, पहिला मजला. मी, नवरा आणि चार वर्षांची मनवा. नवरा बँकेत आहे, त्याला इथे निखिल म्हणू. आम्ही मूळचे सांगलीकडचे, नोकरीमुळे इकडे आलो. निखिलला व्यसनं दोनच — चहा आणि मासे. खायचे नव्हे, पाळायचे! हॉलमध्ये टीव्ही हवा तिथे आमच्याकडे काचेच्या टाक्या आहेत, आणि त्यात ते शेपटीचा पिसारा फुलवणारे फायटर. माझा वाढदिवस विसरणारा हा माणूस, फायटरने अंडी कधी घातली हे मात्र झोपेतून उठवलं तरी सांगेल.

तर या फायटरच्या पिल्लांना जिवंत खाद्य लागतं. त्यासाठी ग्रिंडल वर्म म्हणून एक प्रकार असतो — पांढरे, शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्याएवढे किडे. ते घरीच वाढवतात. प्लास्टिकच्या डब्यात ओलसर माती, मातीवर लापशीसारखं काहीतरी खाणं, आणि त्यावर काचेचा तुकडा. किडे खाण्यावर जमतात, काचेला खालून चिकटतात. काच उचलायची, टाकीच्या पाण्यात खळबळायची, की माशांची पंगत बसली. मला शिसारी यायची. पण नवऱ्याचे छंद याहून वाईट असू शकतात, हेही मला कळत होतं.

त्याचे पहिले डबे मेले. नर्सरीतून आणलेल्या मातीत खत होतं म्हणे. त्याच्या ग्रुपवर कुणीतरी सांगितलं की माती अशी हवी जिच्यावर कधीच खत किंवा फवारणी पडलेली नाही. झालं! हा स्थळं बघायला निघाल्यासारखा माती बघत हिंडायला लागला. शिरपामाळला फिरायला गेलो तरी याचं लक्ष खाली. चिमटीत माती घेऊन वास घ्यायचा आणि नाक मुरडायचा.

एका शनिवारी मी पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर होते. पाड्याचं नाव मुद्दामच देत नाही. संध्याकाळची गाडी येणार नव्हती म्हणून निखिल मोटरसायकलवर मला न्यायला आला. माझी वजनं चालली होती, तोवर हा उताराकडे भटकून आला. आला तो पिशवीभर माती घेऊनच.

"बघ तरी! काळी, लोण्यासारखी मऊ. मोहाच्या झाडाखाली होती. आजूबाजूचं सगळं नांगरलंय, तेवढाच तुकडा सोडलाय. गुरंसुद्धा चरलेली दिसत नाहीत. खताचा कणही नसणार यात."

तो तुकडा का सोडलाय, हे आम्हा दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही. घरी येऊन त्याने ती माती माझ्या कढईत भाजून घेतली, बारीक किडेबिडे मरावेत म्हणून. मी भांडले. तो हसत होता. मग ठाण्याच्या कुणा मित्राकडून मागवलेले ग्रिंडल वर्म त्याने त्यात सोडले आणि डबा स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला.

घरातले ओट्स संपले होते, म्हणून किड्यांना मनवासाठी केलेलं नागलीचं, म्हणजे आपल्या नाचणीचं, सत्त्व शिजवून घातलं. दुसऱ्या दिवशी ते साफ. निखिल खूश. पुन्हा घातलं, पुन्हा साफ. तिसऱ्यांदा मोठा चमचा भरून घातलं, मी भांडी घासून वळले तोवर काचेखाली काही नव्हतं... पण किडे काही वाढत नव्हते. होते तेवढेच राहिले. एवढं खाणं जातं कुठे, हे निखिललाही कळेना.

आणि ते किडे खाणारे मासे वाळायला लागले. अधाशासारखे खायचे आणि पोटं खपाटीला. निखिल म्हणाला, पोटात जंत असतील. औषधं घातली. एकेक करून सगळी पिल्लं गेली, मग मोठेही गेले. इथपर्यंत मला काहीच वेगळं वाटलं नव्हतं हो. मासे मरतात.

मग मनवा.

तिला भूक लागायला लागली. पोळी-भाजी, वरण-भात खाऊन हात धुतला की लगेच, "आई, भूक." पुन्हा द्यायचे. पुन्हा, "आई, भूक." रडायची नाही, हट्ट नाही, फक्त सांगायची. आणि एवढं खाऊन फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. दंडाचा घेर मोजायची आमची रंगीत पट्टी असते — हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे तातडीने दाखल करा. आजवर शेकडो मुलांच्या दंडाला मी ती गुंडाळली असेल. स्वतःच्या मुलीच्या दंडाला गुंडाळली तेव्हा ती पिवळ्यात होती, आणि लालच्या अगदी जवळ. मी पट्टी सोडून पुन्हा गुंडाळली. तेवढंच आलं.

जव्हारला दाखवलं, नाशिकला दाखवलं. रक्त, लघवी, शौच, सोनोग्राफी, जंताचं औषध... सगळं झालं. काहीही निघालं नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "घरी पुरेसं खायला देता ना?" मीच हा प्रश्न रोज आयांना विचारते. त्या खाली का बघतात ते त्या दिवशी कळलं.

आता मुख्य गोष्ट. रविवारची दुपार होती, लख्ख ऊन. निखिल मनवाला घेऊन खाली दूध आणायला गेला होता. मी डब्यात खाणं घातलं — माशांसाठी नव्हे, मासे उरलेच नव्हते. किडे तरी जगू देत म्हणून. काच ठेवली आणि सहज बघत उभी राहिले. पांढरे किडे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. खाण्याजवळ एकही नव्हता. आणि काचेखालचं ते सत्त्व हलायला लागलं. एका बाजूला पट्टा पुसला गेला. मग शेजारी दुसरा. मग तिसरा. लहान मूल ताटातलं शेवटचं बोटांनी निपटून घेतं ना... तसे पट्टे. मनवाच्या बोटांहूनही बारीक. बघता बघता सगळं निपटलं गेलं. नंतर स्वच्छ काचेवरूनही ते पुसणं चालूच होतं. बाष्पात रेघा उमटत होत्या, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. भीतीपेक्षा मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, अजून घालावं. माझा हात चमच्याकडे गेलाही होता. जिन्यात मनवाचा आवाज आला — "आई, भूक" — तेव्हा मी भानावर आले.

निखिलला सांगितलं. तो हसला नाही. त्यानेही तसं काहीतरी बघितलं होतं आणि मला घाबरवायचं नाही म्हणून बोलला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी त्या पाड्यावर गेले. तिथल्या अंगणवाडीची मदतनीस काशी, माझ्यापेक्षा वयाने लहान. माझं तोंड बघून म्हणाली, "मॅडम, पोरगी बेस नाय का अजून?" मी सगळं सांगितलं. डब्याचंही सांगितलं, जरा हसत हसत, वेडी म्हणू नये म्हणून. तिने विचारलं, "माती कुठली?" मी दारातूनच मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं.

काशीने हातातला टोप खाली ठेवला.

"तठं आम्ही पोरं ठेवतू, मॅडम. ल्हान पोरं जाळीत नाय ना. माझा पोऱ्यापन तठंच हाय."

मला माहीत नव्हतं. तिचा मुलगा मी इथे बदलून यायच्या आधी गेला होता. दोन वर्षांचा. ताप आला आणि त्यानंतर त्याने खाणंच सोडलं. "तोंडच नाय उघडं. पेज घातली तर भायर काढं. नुसता बघं माझ्याकडं." एवढंच ती म्हणाली.

मी तिची माफी मागितली, निखिलच्या वतीनेही मागितली. ती ऐकतच नव्हती. तिचं दुसरंच काही चाललं होतं.

"तुम्ही घालता ता खातो?"

"काशी..."

"सगला खातो?"

"हो. सगळं संपतं."

"नागली घालता ना? त्याला नागलीच आवडं." तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला बघवेना. आनंदच होता तो. मग तिने माझा हात धरला. एवढ्या वर्षांत कधी धरला नव्हता.

"मॅडम, आनखी थोडं दिस ऱ्हाऊ द्या त्याला तुमच्याकडं. अठं माझ्याकडं तो खात नव्हता."

माझ्या डोळ्यांसमोर मनवाचा दंड आला. मी म्हणाले, "नाही." तिने हात सोडला.

मी निखिलला फोन केला, त्याच दुपारी तो डबा घेऊन आला. माती होती तिथे नेऊन घातली, हातानेच सारखी केली. काशी वाटीत पेज घेऊन आली होती. ती तिने मातीवर ओतली आणि जमीन पेज पिते ते बघत बसून राहिली. तिथे काहीही झालं नाही. पेज मुरली, तेवढंच.

मनवा त्या आठवड्यापासून सुधारत गेली. जेवून पोट भरलं की आता उठून खेळायला पळते. नाशिकचे डॉक्टर म्हणतात, पोटाचा काहीतरी व्हायरल त्रास असावा, आपोआप बरा झाला. असेलही. डब्यातलं खाणं मातीतल्या बुरशीने संपवलं असेल, बाष्पाचे ओघळ बोटांसारखे दिसले असतील... मीही रोज स्वतःला हेच सांगते. त्याने समाधान होत नाही. टाक्या आम्ही विकून टाकल्या. हॉलमध्ये आता टीव्ही आहे, निखिल तो बघत नाही.

काशी अजून तिथेच मदतनीस आहे. त्या गोष्टीबद्दल ती पुन्हा बोलली नाही, एकदाच सोडून. मुलांना खिचडी वाढून झाल्यावर माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं त्याचं प्वाट भरं ना?"

त्या स्वच्छ काचेवर पुन्हा पुन्हा फिरणारी बोटं मी बघितली होती.

मी म्हणाले, "हो गं. रोज भरायचं."