नलूला सांगितलेला अनुभव

इरा, निमिष — हे मी तुमच्या आईला सांगितलेलं नाही, आजोबांनाही नाही. तुम्ही लांब आहात म्हणूनच बहुधा लिहिणं जमतंय.

नलूआजी आठवते ना? माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, तुमच्या सामानात चकल्यांचा डबा कोंबणारी. तत्त्वज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आणि सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारचा अभ्यासवर्ग सुरू केला, तेव्हा ती खडकीहून बस बदलत यायची. विषय ठरलेला — जाणीव. पाश्चात्त्यांचा प्रश्न असा, की मेंदूतून जाणीव येते कशी? वेदान्ताचा उलटा — जाणिवेखेरीज दुसरं काही आहे का? दोन्ही बाजू मी नीट मांडत असे. तिथवर ठीक होतं.

एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हे झालं पुस्तकातलं. तुम्हाला स्वतःला आलाय का ब्रह्माचा अनुभव? की नुसता नकाशाच दाखवणार?"

सगळे हसले. मी म्हणाले, "आलाय. एकदा."

नव्हता आला. पण तपासणार कोण? दुसऱ्याच्या जाणिवेत बाहेरून डोकावता येत नाही — हे मीच तर वर्षानुवर्षं शिकवत आले होते.

नलूने ते खरं मानलं. रोज सकाळी डोळे मिटून बसायला लागली. "मला मेलीला गुडघे दुखतात, तेवढंच कळतं गं," म्हणायची. आणि मी काय म्हणावं? — तुझा प्रयत्न कमी पडतोय. मूळच्या खोट्यापेक्षा हे वाईट होतं, नाही का?

तिच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले. उशाशी तिची सून होती — तीही आमच्या वर्गातली. नलू म्हणाली, "तुला नेमकं कसं झालं होतं? परत सांग ना."

मी सांगितलं. मीपण विरघळतं, मग नुसता प्रकाश उरतो — इकडेतिकडे वाचलेलं, क्रमवार. तिने डोळे मिटले. बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "नाही गं. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मलाही कधी आला नाही — एवढंच म्हणायचं होतं. पण सून ऐकत होती. मी नलूची चादर सारखी केली आणि म्हणाले, "येईल."

त्याच आठवड्यात ती गेली — आपल्यातच उणं आहे, असं समजून.

वर्ग अजून चालतो. नवीन आलेल्यांना सून माझी ओळख करून देते, यांना अनुभव आलेला आहे म्हणून. मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.