बोलेथेच्या भुवया

हो किंवा नाही म्हणायला तोंड उघडणारी बोलेथे ही बर्फाळ किनाऱ्यावरच्या आमच्या वस्तीतली एकटीच बाई. बाकीच्यांचं काम चेहऱ्यावर भागतं. भुवया वर गेल्या की हो, नाक आक्रसलं की नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी जीभ कोण झिजवणार? कॉफी हवी का विचारल्यावर बोलेथेने ठणठणीत "हो" म्हटलं, की शेजारचा म्हातारा एनोक हटकून खिजवायचा, "आली बघा कालुनात बाई!"

कालुनात म्हणजे आमच्यावर राज्य करणारे डॅनिश लोक. बोलेथेची आजी सांगायची, "पहिलं जहाज आलं तेव्हा आपल्या माणसांना आधी त्यांच्या भुवयाच दिसल्या गं. जाड, पुढे आलेल्या. भुवई म्हणजे कालु, म्हणून ते कालुनात." कुणी वेगळंही सांगतं, खरं कुणालाच ठाऊक नाही. आजी वर म्हणायची, "देवाने एवढ्या भुवया दिल्या, पण मेल्यांना त्यांनी बोलता येत नाही!"

लहानपणी बोलेथे यावर पोट धरून हसायची. पण मोठी झाल्यावरही वस्तीतल्या दुकानाचा डॅनिश साहेब समोर आला की तिची वाचा बसायची. साहेब वाईट नव्हता, पोरांना गोळ्या द्यायचा. तरी साहेबाला नाही म्हणायचं नसतं, ही भीती आमच्या हाडीमाशी खिळलेली.

तिचा नवरा सीलच्या शिकारीला गेला आणि नुसती त्याची कयाक होडी परत आली. उरली सहा वर्षांची लेक साबिने. त्या वसंतात साहेब कागद घेऊन दारात आला. इथे नऊ वर्षं काढलेला, आमची भाषा येते याची त्याला भारी ऐट.

"बोलेथे, पोरगी हुशार आहे. वर्षभर डेन्मार्कला पाठवू. चांगल्या घरी राहील, शिकेल. चालेल ना?"

बोलेथे सीलचं कातडं खरवडत होती. सुरी हातातच थिजली. तिने सगळा धीर गोळा केला आणि डोळे मिटेपर्यंत नाक आक्रसलं.

"सर्दी झालीय वाटतं," म्हणत साहेबाने मायेने आपला रुमाल पुढे केला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

बोलेथेला वाटलं, 'नाही' असंच लिहिलं असणार. ती धावत एनोककडे गेली. "मी साहेबाला नाही म्हटलं!"

"तू? आणि आभाळ कोसळलं नाही?"

आभाळ जुलैत कोसळलं. जहाज लागलं आणि साहेब साबिनेला न्यायला आला. मी नाही म्हटलं होतं, हे तोंडाने सांगायचं बोलेथेला धाडस झालं नाही. ती पुन्हापुन्हा नाक आक्रसत राहिली. साहेबाने तिच्या खांद्यावर थोपटलं.

होडी सुटली. साबिने आईकडे तोंड करून बसली होती आणि सारखी नाक आक्रसत होती. होडीतल्या एकालाही ते वाचता येत नव्हतं. किनाऱ्यावरच्या आम्हा सगळ्यांना येत होतं. आम्हीही तोंड उघडलं नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

वर्षाची दोन झाली. प्रत्येक जहाजाच्या भोंग्याला बोलेथे किनाऱ्यावर धावायची. साबिने आलीच नाही तर? आली आणि ती पूर्वीची साबिने नसलीच तर?

ती आली. पायात चामडी बूट, केसांना रिबीन, शेजारी तिला उतरवून घेणारा साहेब. बोलेथे तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "साबिने, मला ओळखलंस?"

दोन वर्षांत आमची भाषा विसरलेल्या पोरीला शब्द कळले नाहीत. मग बोलेथेने भुवया जमतील तेवढ्या वर नेल्या. हो बाळा, मीच, हो. साबिने त्या कपाळाकडे बघत राहिली, मागे सरकली आणि तिने साहेबाचा हात घट्ट धरला. पोर आईला घाबरली होती.

तेव्हा बोलेथेने तोंड उघडलं. दुकानात रोज कानावर पडणारा, कधी न उच्चारलेला डॅनिश शब्द ती मोठ्याने म्हणाली, "या." म्हणजे हो. पोरीने साहेबाचा हात सोडला नाही, पण मान वळवून बघितलं.

तेव्हापासून बोलेथे हो-नाही तोंडानेच बोलते.